साडेचार इंच

“माणसानं जिंदगीत एकदा तरी आपल्या जागेवर ताठ बसलं पाहिजे,” असं पुंजारामनं जाहीर केलं, आणि त्यानंतर त्याला गाडीतून बाहेर काढायला दोन माणसं लागली.

जाहीर केलं ते जाफराबादला, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, वसंता कुशनवाल्याच्या दुकानापुढं. वसंतानं त्याला काखेत हात घालून ओढलं. समोरच्या चहाच्या गाड्यावरचा शिवाजी धावत आला आणि खुंटीला अडकलेली पिशवी काढावी तसा त्यानं पुंजारामचा डावा गुडघा स्टेअरिंगखालून सोडवला. बाहेर आल्यावरही पुंजाराम बराच वेळ गाडीत बसल्यासारखाच उभा होता. गुडघे वाकलेले, पाठ पुढं झुकलेली, हात छातीशी. फक्त गाडी तेवढी नव्हती.

“दादा, सरळ व्हा की,” वसंता म्हणाला.

“होतो. दम धर.” पुंजारामनं शर्ट खाली ओढला. “सत्तावीस वर्षं पायाला जागाच न्हाई भेटली. एकदा जागा भेटली का बघ, कसे सरळ होतेत.”

मागच्या सीटवरून त्याची बायको सत्यशीला उतरली. हातात कापडी पिशवी, पिशवीत भाकरी-ठेचा आणि नातीसाठी घेतलेला फ्रॉक. तिनं नवऱ्याच्या पायांकडे एकदा पाहिलं आणि दुकानातल्या स्टुलावर जाऊन बसली.

बेत असा होता. त्यांची मुलगी नंदा हसनाबादला दिलेली. जावयानं दोन खोल्या बांधल्या होत्या, दुसऱ्या दिवशी गृहप्रवेश होता. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. आजवर पुंजाराम लेकीकडे एसटीनं गेला होता, जीपच्या टपावर बसून गेला होता, एकदा कापसाच्या ट्रकमध्येही गेला होता. उद्या तो स्वतःच्या गाडीनं, स्वतः चालवत, बायकोला शेजारी बसवून, पाय लांब करून जाणार होता. यातलं ‘पाय लांब करून’ हे सगळ्यांत महत्त्वाचं होतं. बाकीचं नसतं झालं तरी त्यानं चालवून घेतलं असतं.

गाडी होती एकोणीसशे अठ्ठावन्न सालची फियाट. दारं उलटी उघडणारी, नाक पुढं आलेलं, त्यामुळं लोक तिला डुक्कर फियाट म्हणत. अण्णासाहेबांसमोर मात्र कुणी म्हणत नसे. अण्णासाहेबांसमोर तिला ‘गाडी’ म्हणत, कारण पंचक्रोशीत बरीच वर्षं दुसरी नव्हतीच.

अण्णासाहेब म्हणजे पुंजारामचे मालक. शंभर एकराचे धनी, बोलायला गोड, स्वभावानं सढळ. उंचीत तेवढा हात आखडला गेला होता. फेट्यासकट ते सव्वापाच फूट भरत. पुंजाराम सहा फूट दोन इंच. जाफराबादच्या बहुतेक चौकटींना त्याच्या कपाळाची ओळख होती.

अण्णासाहेब वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस मागच्या सीटवर बसत. एक दिवस मात्र ते स्वतः गाडी चालवत. तो दिवस दसऱ्याचा. सीमोल्लंघनाला घरापासून वेशीबाहेरच्या आपट्याच्या झाडापर्यंत, पुढं बँड, मागं भावकी, मध्ये झेंडूच्या माळा ल्यालेली गाडी पहिल्या गिअरमध्ये, आणि स्टेअरिंगच्या वर फक्त फेटा. अंतर सव्वा किलोमीटर.

सत्तर सालच्या दसऱ्याला या सव्वा किलोमीटरमध्ये घोटाळा झाला. सीटची खिटी निसटली, सीट सरकन मागं गेली, अण्णासाहेबांचे पाय हवेत राहिले आणि गाडी सरळ मारुतीच्या पारावर चढली. पारावर बसलेली म्हातारी मंडळी उठून उभी राहिली. कुणासाठी उठायची त्यांची सवय मोडून बरीच वर्षं झाली होती. कुणाला लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी अण्णासाहेबांनी वेल्डिंगवाल्याला बोलावलं आणि सीट आपल्या मापाला कायमची जखडून टाकली. पुन्हा म्हणून ती हलायची नाही.

ती हलली नाही. सव्वा किलोमीटरसाठी ती बारा महिने अण्णासाहेबांच्या मापाची राहिली.

बहात्तर साली पुंजाराम दुष्काळी कामावर रोलर चालवत होता. रोलरला वर पत्रा होता, पण पुढून सगळं मोकळं. पाय हवे तेवढे लांब सोडता येत. काम बंद व्हायच्या बेताला आलं तेव्हा अण्णासाहेबांना ड्रायव्हर पाहिजे असं कळलं. दोघं जण गेले. एक पुंजाराम, दुसरा धर्मराज नावाचा गडी. धर्मराज बेताच्या उंचीचा. तो गाडीत बसला तेव्हा गाडी त्याच्याभोवती शिवल्यासारखी दिसली. हॉर्न वाजवून, दोन्हीकडे बघून तो म्हणाला, “साहेब, आरसा जरा खाली घ्यावा लागंल.”

“बरं,” अण्णासाहेब म्हणाले. “कळवतो.”

धर्मराजला अजून कळवायचं आहे.

मग पुंजाराम आत शिरला. शिरला म्हणजे टप्प्याटप्प्यानं शिरला. गुडघे स्टेअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आले, हनुवटी त्यांच्यामध्ये टेकली. अण्णासाहेब खिडकीशी आले आणि त्यांनी विचारलं, “बराबर बसतंय का रे?”

पुंजारामला धर्मराजचा आरसा आठवला. घरी सत्यशीलाला सातवा महिना होता.

“बराबर हाय साहेब,” तो म्हणाला. “मोप जागा हाय.”

एवढंच वाक्य. बोलायला दम लागला नाही. पण एकदा मोप जागा आहे म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी कमी कशी पडणार? आठवड्यानं कशी पडणार? शिवाय एक गोष्ट होती. जयभीमवाल्याला गाडीवर घेतला हे भावकीतल्या काहींच्या पोटात दुखलं होतं. अण्णासाहेब त्यांना म्हणाले होते, “मला गाडी चालवायला माणूस पाहिजे, सोयरीक न्हाई करायची.” त्या काळी हे वाक्य फार पुरोगामी समजलं गेलं. पुंजारामच्या कानावर आलं तेव्हा त्यानं ठरवलं, की आपल्या तोंडून तक्रारीचा अर्धा शब्द गेला, तर तो साहेबांच्या आधी भावकी ऐकणार. त्यानं शब्द गिळला आणि पाय दुमडले.

हळूहळू त्याला तंत्र जमलं. क्लच दाबायला पाऊल तिरकं करायचं, ब्रेकला टाच उचलायची, वळणावर गुडघा आत घ्यायचा. गर्दीत गुडघाच हॉर्नला लागायचा. लोक म्हणायचे, पुंजाराम लै सावध चालवतो, सारखा वाजवत असतो. सत्तावीस वर्षांत त्यानं एक कोंबडी मारली नाही. औरंगाबादला साहेबांच्या मुलांना शाळेत सोडलं, लग्नाच्या वराती केल्या, बाळंतिणी आणल्या, साहेबांच्या आईला शेवटचं दवाखान्यात नेलं. उतरला की प्रत्येक वेळी दारापाशी थोडा वेळ उभा राहायचा. लोकांना वाटायचं, गडी अदबीनं उभा आहे.

घरी झोपेतही पाय पोटाशीच असायचे, आणि अधूनमधून डावा पाय झटक्यानं सत्यशीलाच्या नडगीवर बसायचा.

“आवो,” ती म्हणायची, “कोणचा गिअर टाकून राह्यले?”

तो झोपेतच गिअर बदलायचा.

दर दसऱ्याला झाडाखाली पोचलं की अण्णासाहेब खाली उतरत, आपट्याची पानं तोडत आणि भावकीच्या आधी पुंजारामच्या हातावर ठेवत. “घे, सोनं.” मग गाडीचं दार त्याच्यासाठी स्वतः उघडून धरत, तो आत दुमडला गेला की विचारत, “बराबर बसतंय ना रे?” आणि पुंजाराम म्हणे, “बराबर हाय साहेब.” सत्तावीस दसरे. पुंजारामला वाटायचं, राम राम म्हणतात तसं ते विचारणं आहे. राम रामला कुणी खरं उत्तर देत नाही.

उन्हाळ्यात अण्णासाहेब गेले. मुलं पुण्याहून आली, दिवस करून गेली. जाताना धाकटा म्हणाला, ती गाडी भंगारात काढा. अण्णासाहेबांच्या पत्नी सगुणाबाईंनी किल्ली कनवटीला लावली. दिवाळीनंतर त्यांनी पुंजारामला बोलावून किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

“तुलाच ने,” त्या म्हणाल्या. “तूच चालवलीस. आमी नुसतं बसलो.”

पुंजाराम किल्लीकडे बघत राहिला.

“साहेब लै तारीफ करायचे तुझी,” सगुणाबाई डोळ्याला पदर लावून सांगत होत्या. “म्हणायचे, ती सीट पुंजारामला तोकडी पडती, दिसतंय की मला. एकदा त्यानं तोंडानं न्हाई म्हणू दे, दुसऱ्या दिवशी वेल्डिंग तोडतो. दर दसऱ्याला घरी आले की मला सांगायचे, यंदाबी न्हाई म्हणला न्हाई गं. असा समाधानी माणूस भेटत न्हाई पुंजाराम.”

“व्हय बाईसाहेब,” पुंजाराम म्हणाला, आणि किल्ली घेऊन निघाला.

वाटेत नदीच्या पुलावर त्यानं गाडी उभी केली. खाली उतरून कठड्याशी उभं राहावं असं त्याला वाटत होतं, पण गुडघे आखडल्यापासून एकट्याला उतरणं जमत नव्हतं, म्हणून तो आतच बसून राहिला. मागून आलेल्या एका जीपवाल्यानं विचारलं, बंद पडली का? पुंजाराम म्हणाला, न्हाई, बराबर हाय.

हे त्यानं सत्यशीलाला सांगितलं नाही. तिला एवढंच सांगितलं, की गाडी मिळाली आणि आता सीट मागं घ्यायची.

“डागदर काय म्हणला व्हता?” ती म्हणाली होती. जालन्याच्या हाडांच्या डॉक्टरनं गुडघे दाबून, वाकवून पाहिले होते आणि सांगितलं होतं, की बाबा, हे आता आखडले, एवढेच उघडणार.

“डागदर बुटका हाय,” पुंजाराम म्हणाला. “त्याला काय म्हाईत जागेचं?”

तर आता डिसेंबरातल्या त्या सकाळी वसंता गाडीत डोकं घालून सीटखाली बघत होता. पंधरा वर्षं तो या गल्लीत सीटा शिवत होता. ट्रॅक्टरच्या, जीपच्या, टेम्पोच्या. ट्रॅक्टरवाल्याला मऊ पाहिजे, जीपवाल्याला चार माणसं जास्तीची बसली पाहिजेत. ड्रायव्हरला पाय लांब करायला जागा पाहिजे म्हणून आजवर कुणी आलं नव्हतं. त्यामुळं तो खूश होता.

“वेल्डिंग कुणी मारलं हे?” त्यानं आतूनच विचारलं.

“साहेबांनी मारून घेतल्तं.”

“सीटला मारलं का पुलाला? आख्खी सळई घातली की.” तो बाहेर आला. “बसा दादा इथं. माप घेऊ द्या.”

पुंजाराम बाकावर बसला. वसंतानं टेप काढली. त्याची मापं घ्यायची रीत ठरलेली होती. कमरेपासून गुडघा वेगळा, गुडघ्यापासून टाच वेगळी, मग बेरीज. रेक्झिनचे तुकडे तो असेच मोजायचा आणि ते कधी कमी पडले नव्हते.

“मांडी पंचवीस. नडगी तेवीस.” वसंतानं भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलं. “अठ्ठेचाळीस इंच पाय हाय तुमचा. बाप रे. ह्या गाडीत तुमाला छत्तीसच्या आत कोंबलं व्हतं.”

“बारा इंच गेले कुठं मंग?” शिवाजीनं चहा ठेवत विचारलं.

“वर गेले,” पुंजाराम म्हणाला. “कानापाशी.”

शिवाजी हसला. “पुंजाराममामा, आता काय, मालक झाले तुमी. पाय पसरून चालवा. पार हेडलाइटपर्यंत जाऊ द्या.”

“राहू द्या की,” सत्यशीला स्टुलावरून म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलत होती. “हाय तसं चालून राह्यलं की. उद्या जाऊन येऊ तसंच. काहून खटाटोप?”

पुंजारामनं तिच्याकडे पाहिलं नाही.

“सत्तावीस वर्षं हाय तसंच चाललं,” तो म्हणाला. “वसंता, काप.”

वसंतानं करवत लावली. वेल्डिंग मारणाऱ्यानं मालकाचा जीव वाचवायचा म्हणून मारलेलं होतं. दोन ब्लेड तुटली, तिसऱ्याला तासभर लागला. मग एक कडक आवाज झाला आणि सीट हलली. फार नाही, बोटभर हलली. पुंजाराम बाकावरून अर्धा उठला आणि परत बसला.

वसंतानं सीट उचलून बाहेर अंगणात ठेवली. जिथं ती होती तिथं खाली पत्र्यावर वाळलेल्या झेंडूचा भुगा, सुपारीचे तुकडे आणि तपकिरी पडलेल्या आपट्याच्या पानांचा थर होता. दर दसऱ्याला हातावर सोनं पडलं की लगेच गाडी घ्यावी लागायची. खिशापर्यंत हात पोचत नसे, मध्ये मांडी. म्हणून पुंजाराम ते सीटच्या फटीत सरकवायचा आणि घरी गेल्यावर काढू म्हणायचा.

“झाडून घेऊ का?” वसंतानं विचारलं.

“घे.”

पण सत्यशीला उठली होती. तिनं वाकून एक मूठ उचलली. हातात येईपर्यंत निम्म्या पानांचा चुरा झाला.

“एवढं सोनं व्हतं व्हय आपल्याकडं,” ती म्हणाली.

“टाक ते.”

तिनं बाकीचं टाकलं. दोन-चार धड पानं पिशवीत नातीच्या फ्रॉकखाली ठेवली.

दुपारपर्यंत काम रंगात आलं. सीट सरकायच्या लोखंडी पट्ट्या गंजून गेल्या होत्या, त्या पुढं-मागं सरकण्याच्या राहिल्या नव्हत्या. वसंतानं मागं नवीन भोकं पाडली. तीन इंच मिळाले. त्याच्या मागं जायचं तर गाडीचा पत्राच कापावा लागला असता. पुंजाराम म्हणाला, आजून बघ. मग वसंतानं सीटची पाठ उसवली. आत स्प्रिंगा, त्यांच्यावर काथ्या, काथ्यावर गोणपाट, त्यावर जुनं रेक्झिन. काथ्या निघाला तसा निघतच राहिला. अंगणात ढीग झाला. स्प्रिंगा काढून त्यानं त्या जागी पट्ट्या ताणल्या आणि वर अंगठ्याएवढ्या जाडीचा फोम घातला. आणखी दीड इंच.

“साडेचार इंच,” वसंतानं भिंतीवर लिहून खाली दोन रेघा मारल्या. “दादा, ह्याच्यावर आता देवबी न्हाई वाढवून देणार.”

“साडेचार,” पुंजाराम म्हणाला. तो आकडा त्यानं दोन-तीन वेळा तोंडातल्या तोंडात फिरवला. चहा पिताना शिवाजीला सांगितला. रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्या कंडक्टरला हाक मारून सांगितला. कंडक्टर ‘बरं बरं’ म्हणाला आणि एवढा पाऊस कुठं झाला असं विचारायला लागला.

भाकरी खाताना सत्यशीला हळूच म्हणाली, “तुमी कधी सांगितलं काहून न्हाई सायबाला?”

पुंजारामचा घास तोंडापाशी थांबला. मग त्यानं तो खाल्ला.

“कोण ऐकणार व्हतं?” तो म्हणाला.

सत्यशीलानं ठेचा त्याच्याकडे सरकवला. पुंजारामनं त्याला भाकरीचा तुकडा लावला.

चारच्या सुमाराला वसंतानं शेवटचा बोल्ट आवळला, सीटवर फडकं मारलं आणि दार उघडून धरलं. अण्णासाहेबही असंच धरत. अर्थात वसंताला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

“या मालक.”

सत्यशीला आधी जाऊन बसली. या वेळी मागं नाही, पुढं, डाव्या बाजूला. कुणी सांगितलं नाही. तिची तीच बसली आणि पदर नीट करून काचेतून समोर बघायला लागली, जणू हसनाबाद तिथूनच दिसत होतं. शिवाजी चहाचं गाळणं हातात घेऊनच बघायला आला.

पुंजाराम आत शिरला, आणि काय आश्चर्य, एका दमात शिरला. कुठं काही अडकलं नाही. स्टेअरिंग छातीपासून दूर होतं. गुडघे त्याच्या खाली होते, बाजूला नाहीत. त्यानं पाठ टेकवली. पाठ जात राहिली, जात राहिली आणि मग टेकली. काचेतून त्याला रस्ता पूर्ण दिसला. आजवर त्याला वरचं छप्पर आणि खालचं स्टेअरिंग यांच्यामधली रस्त्याची एक पट्टी दिसायची.

“बघा,” शिवाजी म्हणाला. “कलेक्टर दिसून राह्यले.”

पुंजाराम हसला. दोन्ही हात त्यानं स्टेअरिंगवर ठेवले. मग पाय पुढं सोडले.

पाय पुढं गेले. जिथवर जात होते तिथवर गेले आणि थांबले. त्यानं वाट पाहिली. समोर जागा होती, भरपूर होती, कुणी अडवत नव्हतं. त्यानं मांडीवर हात ठेवून डावा गुडघा खाली दाबला. गुडघा हातभर उंच तसाच राहिला, अंगवळणी पडलेल्या जागी. त्याखाली चप्पल लोंबत होती. चपलेच्या पुढं क्लच होता. मधलं अंतर कुणी मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती. ते त्या दिवशी सगळ्यांना पाठ झालं होतं.

त्यानं उजवा पाय पाहिला. उजव्याचं आणि ब्रेकचंही तेच.

वसंता बाहेर उभा होता, त्याला आतलं काही दिसत नव्हतं. तो खिडकीत वाकला आणि हौसेनं म्हणाला, “दादा, बराबर बसतंय का?”

उत्तर पुंजारामच्या जिभेवर तयार होतं. सत्तावीस वर्षं ते त्याच जागी ठेवलेलं होतं, शोधावं लागत नसे. त्यानं तोंड उघडलं. शेजारी सत्यशीला समोरच्या काचेतून बघत होती. तिनं मान वळवली नाही. फक्त मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी जरा जवळ ओढली.

“न्हाई,” पुंजाराम म्हणाला.

पहिल्यांदाच म्हणत होता, म्हणून आवाज लहान आला. वसंताला ऐकू गेलं नाही. “आं?”

“न्हाई बसत बराबर.”

वसंतानं दार उघडलं आणि खाली पाहिलं. आधी चप्पल पाहिली, मग क्लच, मग दुकानाच्या भिंतीवरची बेरीज. पंचवीस आणि तेवीस. बेरीज बरोबर होती. त्यानं ती पुन्हा करून पाहिली. शिवाजी गाळणं घेऊन आपल्या गाड्याकडे गेला.

“दादा,” वसंता म्हणाला, “जुनी भोकं हायेत अजून. अर्ध्या तासात पुन्हा पुढं घेतो. व्हती तशी.”

पुंजारामनं हातानं नको म्हटलं. तो अजून पाठ टेकूनच बसला होता. दोन्ही पाय हवेत होते, लहान मुलाचे उंच खुर्चीवरून लोंबतात तसे. समोर रस्ता होता, आणि रस्त्याच्या शेवटी वळणावर ऊन पडलं होतं. तेवढं त्यानं सगळं नीट पाहून घेतलं.

“सीट राहू दे तिथंच,” तो म्हणाला. “लै चांगली झाली.”

मग तो स्टेअरिंगला धरून हळूहळू पुढं सरकला. पाठ सुटली, गुडघे वर आले, स्टेअरिंग छातीशी आलं. चप्पल क्लचवर टेकली. पाठीमागं रिकामी जागा राहिली, बरोबर तेवढीच. सत्यशीलानं हात मागं नेऊन त्या जागेत ठेवला, पण एक हात पुरणार नव्हता, आणि हसनाबाद पन्नास किलोमीटर होतं.

“वसंता,” पुंजाराम म्हणाला, “पाठीमागं लावायला एखादी जुनी उशी हाय का रं?”